रास्त व्यवहार : अध्यक्ष ट्रुमन यांचा सुधारणा-कार्यक्रम आणि शेतकरी

शेतमालास रास्त भाव मिळावा ही मागणी नवी नाहीं, आणि ती केवळ आपल्याच देशांतील नाहीं. ज्या देशास आपण यंत्रांचा व संपत्तीचा देश म्हणून ओळखतों, त्या अमेरिकेंतील संयुक्त संस्थानांतहि शेतकरी हीच मागणी घेऊन कायदेमंडळाच्या दारीं उभा राहिला होता. दुसरें महायुद्ध संपल्यावर त्या देशाचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनीं घरगुती सुधारणांचा एक मोठा कार्यक्रम लोकांपुढें ठेवला. त्यास 'फेअर डील' म्हणजे 'रास्त व्यवहार' असें नांव पडलें. घरें, मजुरी, म्हातारपणाची तरतूद, औषधपाणी, कृष्णवर्णीय नागरिकांचे हक्क असे अनेक विषय त्यांत होते. त्यांपैकीं शेतीच्या भागाची हकीकत आपल्या वाचकांनीं बारकाईनें पाहण्यासारखी आहे. हमी भाव कशानें हातीं पडतो, कशानें कागदावरच राहतो, आणि शेतकऱ्यांच्या हिताची म्हणून आणलेली योजना शेतकऱ्यांच्याच संस्था कशी पाडतात, हें तिच्यांत स्वच्छ दिसतें.

अध्यक्ष व त्यांचा कार्यक्रम

ट्रुमन यांचा जन्म १८८४ सालीं मिसूरी राज्यांत झाला. १९०६ पासून १९१७ पर्यंत ग्रँडव्ह्यू या गांवीं घरच्या सुमारे ६०० एकर जमिनीवर त्यांनीं स्वतः शेती केली. पहिल्या महायुद्धांत ते तोफखान्यांत अधिकारी होते. परत आल्यावर त्यांनीं एका भागीदाराबरोबर कपड्यांचें दुकान काढलें. युद्धानंतर भाव कोसळले तेव्हां १९२२ सालीं तें बुडालें, व त्याचें कर्ज पुढें कित्येक वर्षें फेडावें लागलें. लढाईनंतरची मंदी म्हणजे काय, हें या गृहस्थास स्वतःच्या खातेवहींतूनच कळलें होतें.

१२ एप्रिल १९४५ रोजीं अध्यक्ष रूझवेल्ट यांचें निधन होऊन उपाध्यक्ष ट्रुमन अध्यक्ष झाले. जपान शरण आल्यानंतर लगेच, ६ सप्टेंबर १९४५ रोजीं, त्यांनीं कायदेमंडळाकडे २१ कलमांचा खलिता पाठविला. सैनिक घरीं परततील, कारखाने थंडावतील, धान्याचे भाव पडतील. त्याआधींच रोजगार, मजुरी, घरें व शेतमालाचे भाव यांची तजवीज करावी, असा त्याचा मथितार्थ होता. त्यांतून १९४६ चा रोजगार कायदा निघाला. त्याच वर्षीं शाळांतील मुलांच्या दुपारच्या जेवणाचा कायदाहि झाला, व त्यांत शिलकी शेतमाल मुलांच्या ताटांत जाण्याची सोय झाली. परंतु नोव्हेंबर १९४६ च्या निवडणुकींत दोन्ही सभागृहें विरोधी रिपब्लिकन पक्षाकडे गेलीं, आणि उरलेल्या कलमांची गाडी रुतून बसली.

१९४८ च्या निवडणुकींत ट्रुमन यांनीं सर्वांचे अंदाज खोटे पाडून विजय मिळविला. नंतर ५ जानेवारी १९४९ रोजीं कायदेमंडळापुढें भाषण करतांना त्यांनीं सांगितलें कीं, देशांतील प्रत्येक वर्गास व प्रत्येक व्यक्तीस सरकारकडून रास्त व्यवहाराची अपेक्षा करण्याचा हक्क आहे. त्याच भाषणानें कार्यक्रमास नांव मिळालें. त्या विजयांत मक्याच्या शेतकऱ्यांचा वांटा होता. तो कसा, हें समजण्यास प्रथम तेथील हमी भावाची रीत समजून घेतली पाहिजे.

बरोबरीचा भाव व तारण

अमेरिकेंत १९१० ते १९१४ हीं वर्षें शेतकऱ्यास सुखाचीं गेलीं असें मानतात. त्या काळीं एक बुशेल गहूं विकून जेवढें कापड, जेवढीं अवजारें घेतां येत, तेवढींच पुढेंहि घेतां यावींत, असा जो भाव निघेल त्यास 'पॅरिटी' म्हणजे बरोबरीचा भाव म्हणत. रुपया किती मिळाला यापेक्षां त्या रुपयांत काय आलें, हें पाहण्याची ही रीत आहे. युद्धकाळांत धान्याचें उत्पादन वाढावें म्हणून सरकारनें वचन दिलें होतें कीं, लढाई संपल्यावरहि दोन वर्षें या भावाच्या शेंकडा ९० इतका आधार देऊं. ३१ डिसेंबर १९४६ रोजीं युद्धसमाप्ति जाहीर झाली. सबब तें वचन १९४८ अखेरपर्यंत लागूं राहिलें.

वचन पाळण्याचें काम १९३३ सालीं स्थापन झालेल्या 'कमॉडिटी क्रेडिट कॉर्पोरेशन' या सरकारी महामंडळाकडे होतें. शेतकऱ्यानें आपलें धान्य पसंत केलेल्या कोठारांत सीलबंद करून तारण ठेवावें व हमीच्या दरानें कर्ज उचलावें. बाजार चढला तर त्यानें कर्ज फेडून धान्य सोडवावें व विकावें. बाजार पडला तर धान्य महामंडळाच्या हवालीं करून मोकळें व्हावें. तुटीच्या रकमेसाठीं त्याच्या जमिनीस वा जनावरांस कोणी हात लावीत नसे. आपल्याकडे बाजार समित्यांतून शेतमाल तारण कर्ज मिळतें, तें वाचकांस ठाऊक आहेच. त्यांत भाव पडला तरी कर्ज शेतकऱ्याच्या माथीं राहतें. अमेरिकेच्या रीतींत पडत्या भावाचा भार सरकारच्या माथीं जाई.

मात्र या साऱ्या व्यवस्थेचा पाया एकच होता, आणि तो म्हणजे कोठार. कोठार नाहीं तर सील नाहीं, सील नाहीं तर तारण नाहीं, आणि तारण नाहीं तर हमी नाहीं.

१९४८ चें मक्याचें पीक

जून १९४८ मध्यें या महामंडळाची सनद नवी करण्याचा प्रसंग आला. रिपब्लिकन बहुमताच्या कायदेमंडळानें ती नवी करतांना एक अट घातली : महामंडळानें धान्य सांठविण्यासाठीं नवीं कोठारें विकत घेऊं नयेत. सरकारनें खासगी व्यापाराच्या वाटेंत येऊं नये, असा विचार त्यामागें होता. युद्धकाळांतील सरकारी कोठारांपैकीं बरींचशीं तोंपर्यंत विकलीं गेलीं होतीं. उन्हाळ्यांत या कलमाकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

त्या वर्षीं मक्याचें पीक असें आलें कीं तोंपर्यंतच्या इतिहासांत तसें आलें नव्हतें. जुलैमध्यें बुशेलास दोन डॉलरच्या आसपास असलेला भाव ऑक्टोबरमध्यें दीड डॉलरच्या खालीं गेला व नोव्हेंबरांत सव्वा डॉलरच्याहि खालीं उतरला. (मक्याचें एक बुशेल म्हणजे सुमारे साडेपंचवीस किलो, चार बुशेलांस जवळजवळ एक क्विंटल.) हमीचा दर १ डॉलर ४४ सेंट होता, व कायदा पुस्तकांत जसाच्या तसा होता. ज्याच्या आवारांत चांगलें कोठार होतें त्यानें मका सील करून कर्ज उचललें. ज्याच्यापाशीं तें नव्हतें, त्याचा मका उघड्यावर. आणि उघड्यावरच्या मालास व्यापारी जो भाव देईल तो घेणें भाग. एकाच गांवांत, एकाच कायद्याखालीं, एकास हमी भाव आणि शेजाऱ्यास पडता भाव, असा प्रकार झाला.

ट्रुमन यांनीं हें अचूक हेरलें. १८ सप्टेंबर १९४८ रोजीं आयोवा राज्यांतील डेक्स्टर या गांवीं नांगरणीच्या राष्ट्रीय स्पर्धेस प्रचंड जनसमुदाय जमला होता. तेथें त्यांनीं कोठारांचा विषय काढून, या कायदेमंडळानें शेतकऱ्याच्या पाठींत दांताळें खुपसलें आहे, अशा कडक शब्दांत टीका केली. नोव्हेंबरांत आयोवा, ओहायो व विस्कॉन्सिन हीं तीन राज्यें, जीं १९४४ सालीं प्रतिपक्षाकडे गेलीं होतीं, तीं ट्रुमन यांच्याकडे आलीं. ओहायोंत तर मतांचें अंतर सुमारे सात हजारांचेंच होतें. एकट्या कोठारांनीं निवडणूक जिंकली असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. कामगारांचीं व शहरांतील मतेंहि त्यांस मोठ्या प्रमाणावर मिळालीं होतीं. तथापि सनदेंतील एका ओळीची किंमत काय असते, हें राजकारणी लोकांस कळून चुकलें. नव्या कायदेमंडळानें जून १९४९ मध्यें ती अट काढून टाकली व महामंडळास पुन्हां कोठारें घेण्याची मुभा दिली.

ब्रॅनन यांची योजना

शेतकऱ्यांच्या मतांची ही पुण्याई पाठीशीं घेऊन शेतकीमंत्री चार्लस् ब्रॅनन यांनीं ७ एप्रिल १९४९ रोजीं दोन्ही सभागृहांच्या शेतकी समित्यांपुढें आपली योजना मांडली. धान्य व कापूस सांठविणें जमतें, परंतु दूध, अंडीं, मांस, फळें, बटाटे यांस तारणाची रीत लागूं पडत नाहीं, ही त्यांची पहिली अडचण होती. बटाट्यास आधार द्यावा म्हणून सरकारनें तो विकत घेतला; पुढें त्याचें करावयाचें काय हा प्रश्न पडला, तेव्हां तो पुन्हां बाजारांत येऊं नये म्हणून त्यावर रंग शिंपडून जनावरांस घालण्याची वेळ आली. अंड्यांची भुकटी करून ती कॅन्सस राज्यांत अॅचिसन येथील चुनखडीच्या गुहेंत ठेवावी लागली. शहरांतील गृहिणी महागाईनें त्रासलेली, आणि सरकार तिच्याच करांतून अन्न विकत घेऊन गुहेंत भरीत असलेलें. हें चित्र फार दिवस टिकणारें नव्हतें.

ब्रॅनन यांचें म्हणणें असें कीं, नाशवंत माल बाजारांत येईल त्या भावानें विकूं द्यावा, म्हणजे गिऱ्हाइकास तो स्वस्त मिळेल. आणि ठरलेला रास्त भाव व बाजारचा सरासरी भाव यांतील फरक सरकारनें शेतकऱ्यास रोख द्यावा. समजा, एखाद्या मालाचा रास्त भाव चार डॉलर ठरला व बाजारांत सरासरी तीन आले, तर चौथा डॉलर सरकारी खजिन्यांतून मिळेल. मध्य प्रदेश सरकारनें २०१७ सालीं 'भावांतर' या नांवानें जी योजना काढली तिचें तत्त्व हेंच होतें. शिवाय १९१०–१४ चा जुना पाया सोडून अलीकडील दहा वर्षांच्या उत्पन्नावर रास्त भाव बसवावा, असेंहि त्यांनीं सुचविलें.

यापेक्षांहि महत्त्वाचें कलम मर्यादेचें होतें. एका शेतास आधार मिळावयाचा तो १८०० घटकांपर्यंतच, व एक घटक म्हणजे १० बुशेल मका. मक्याच्या हिशोबानें ही मर्यादा १८ हजार बुशेल, म्हणजे सुमारे साडेचार हजार क्विंटल होते. ज्याचें पीक यापेक्षां जास्त, त्यानें वरचा माल बाजारभावानें विकावा. घरच्या माणसांच्या कष्टांवर चालणारी शेती टिकावी यासाठीं सरकारी पैसा आहे. धान्याचे कारखाने चालविणारांस तो पुरविण्याचें कारण नाहीं, असा ब्रॅनन यांचा मुद्दा होता.

योजना कोणीं पाडली

अमेरिकेंत शेतकऱ्यांच्या मुख्य संघटना तीन होत्या. फार्मर्स युनियननें योजनेस पाठिंबा दिला. सर्वांत बलाढ्य जी फार्म ब्युरो, तिनें कडाडून विरोध केला, आणि ग्रेंज या जुन्या संघटनेनेंहि प्रतिकूल मत दिलें. कामगार संघ अनुकूल होते, कारण त्यांच्या घरीं दूध स्वस्त येणार होतें. परंतु नेमक्या याच गोष्टीमुळें पुष्कळ शेतकऱ्यांस योजनेचा संशय आला.

विरोधकांच्या आक्षेपांत तथ्य मुळींच नव्हतें असें नाहीं. बाजारांत भाव मिळाला तर तो कष्टाचा पैसा. सरकारी हुंडी मिळाली तर ती मेहेरबानी, आणि दरवर्षीं अंदाजपत्रकाच्या वेळीं तिची भीक मागावी लागणार, असें ते म्हणत. योजनेस एकंदर खर्च किती येईल याचा नक्की आंकडा ब्रॅनन यांनीं दिला नाहीं, तेंहि विरोधकांच्या पथ्यावर पडलें. तरीहि मर्यादेचें कलम मोठ्या बागायतदारांस व दक्षिणेकडील कापसाच्या मळेवाल्यांस खुपत होतें, हें उघड आहे. ते संघटनांत पुढारी होते आणि कायदेमंडळांत त्यांचा शब्द चाले. मर्यादेच्या आंत बसणारे शेतकरी संख्येनें कितीतरी अधिक; परंतु संघटनेच्या व्यासपीठावर त्यांच्या वतीनें बोलणारे मर्यादेच्या बाहेरचे होते.

जुलै १९४९ मध्यें प्रतिनिधिगृहानें, कांहीं थोड्या मालांपुरता प्रयोग करूं द्यावा ही तडजोडहि नाकारली. वर्षअखेर १९४९ चा शेती-कायदा झाला तो जुन्याच धर्तीवर : मुख्य पिकांस ९० टक्क्यांचा आधार तूर्त कायम, आणि मर्यादा नाहीं. जून १९५० मध्यें कोरियाचें युद्ध सुरू होऊन भाव चढले, व योजना मागें पडली.

कार्यक्रमाचीं बाकीचीं कलमें

शेतीखेरीज कार्यक्रमांतील जें साधलें तें थोडें नव्हतें. जुलै १९४९ च्या घरबांधणी कायद्यानें सहा वर्षांत ८ लक्ष १० हजार सरकारी घरें बांधण्याचें ठरविलें, व शेतावरील घरांसाठीं कर्जाचीहि सोय केली. मात्र पुढें पैसा कमी दिला गेल्यानें ठरलेल्या मुदतींत तेवढीं घरें उभीं राहिलीं नाहींत. किमान मजुरी तासास ४० सेंटांवरून ७५ सेंटांवर गेली. ऑगस्ट १९५० च्या कायद्यानें सुमारे एक कोटी नवीन लोकांस म्हातारपणच्या वेतनाचा लाभ मिळाला. १९३५ सालीं तेथें दहांतील जेमतेम एका शेतावर वीज होती. १९५० च्या सुमारास ती पांचांतील चार शेतांवर पोंचली, आणि ऑक्टोबर १९४९ पासून त्याच सहकारी पद्धतीनें टेलिफोनसाठींहि सरकारी कर्ज मिळूं लागलें. विजेच्या तारा नेण्याचें काम खासगी कंपन्यांनीं परवडत नाहीं म्हणून टाकलें होतें. तें शेतकऱ्यांच्या सहकारी मंडळ्यांनीं केलें, ही गोष्ट आपल्यासारख्या सहकाराच्या अभिमान्यांनीं ध्यानीं ठेवावी.

जें साधलें नाहीं तेंहि सांगितलें पाहिजे. सर्वांसाठीं आरोग्यविम्याची सूचना १९४५ पासून होती. डॉक्टरांच्या संघटनेनें प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर वर्गणी मागून तिच्याविरुद्ध मोहीम चालविली व ती पाडली. कृष्णवर्णीय नागरिकांच्या हक्कांचीं बिलें दक्षिणेकडील सेनेटरांनीं अडवून धरलीं. सैन्यांतील भेदभाव बंद करण्याचा हुकूम मात्र ट्रुमन यांनीं जुलै १९४८ मध्यें स्वतःच्या अधिकारांत काढला. आणि शेतमजूर? किमान मजुरीच्या कायद्यांतून तो वगळलेलाच राहिला, तो थेट १९६६ पर्यंत. रास्त भाव मागणाऱ्या जमीनधारकांच्या पुढाऱ्यांनीं मजुराच्या रास्त मजुरीसाठीं जोर लावला नाहीं. हें वाचून आपणांपैकीं कोणास अवघडल्यासारखें झालें तर तें योग्यच आहे.

पुढें काय झालें

पराभूत योजना मेली नाहीं. १९५४ सालीं लोंकरीसाठीं फरकाची रक्कम देण्याची पद्धत आली, आणि १९७३ च्या कायद्यानें गहूं, मका व कापूस यांसहि ती लागूं झाली. ज्या तत्त्वास मेहेरबानी म्हणून झिडकारलें तेंच पंचवीस वर्षांनीं रूढ झालें. मर्यादाहि १९७० सालीं आली : एका व्यक्तीस एका पिकामागें ५५ हजार डॉलर. लगेच मोठ्या शेतांच्या कागदोपत्री वांटण्या होऊन मुलें, भाऊ, भागीदार असे अनेक 'शेतकरी' एका मळ्यावर उभे राहिले. आपल्याकडे १९६१ च्या कमाल जमीन धारणेच्या कायद्याच्या वेळीं फेरफाराच्या नोंदवह्या कशा भरल्या, हें ज्यांनीं महसुली दप्तरांत पाहिलें आहे त्यांस यांत नवल वाटणार नाहीं.

१९४९ चा तो कायदाहि अद्याप रद्द झालेला नाहीं. पुढील कायद्यांनीं तो मुदतीपुरता तहकूब ठेवला जातो; मुदत टळली कीं जुनीं कलमें पुन्हां डोकें वर काढतात, म्हणून दर वेळीं नवा कायदा किंवा मुदतवाढ करावीच लागते. आधार देऊन सांठलेल्या धान्याची वाट शेवटीं आपल्या दारावरूनहि गेली. जून १९५१ मध्यें भारतास वीस लक्ष टन धान्यासाठीं १९ कोटी डॉलरांचें कर्ज देण्याच्या कायद्यावर ट्रुमन यांनीं सही केली. त्यानंतर १९५४ च्या 'पब्लिक लॉ ४८०' खालीं आलेला गहूं व मिलो ज्वारी महाराष्ट्रांतील जुन्या पिढीनें रेशनवर घेतली आहे.

एक आंकडा मात्र विचारांत पाडतो. १९५० च्या शेतगणनेंत अमेरिकेंत सुमारे ५४ लक्ष शेतें होतीं; २०२२ च्या गणनेंत तीं १९ लक्ष भरलीं. यंत्रें व शहरांतील रोजगार हीं त्याचीं मोठीं कारणें आहेत, आणि ब्रॅनन यांच्या मर्यादेनें तो ओघ थांबला असता असें कोणी छातीठोकपणें म्हणूं शकणार नाहीं. परंतु दर क्विंटलामागें दिलेला आधार ज्याच्यापाशीं क्विंटल जास्त त्याच्याकडेच जास्त जातो, आणि त्याच पैशांतून तो शेजाऱ्याची जमीन घेतो, हें गणित समजण्यास फार शिक्षण लागत नाहीं.

आपल्या विचारासाठीं

आपल्या देशांत १९६५ सालीं कृषि मूल्य आयोग नेमला गेला, व तेव्हांपासून हमी भाव जाहीर होत आले आहेत. भाव जाहीर झाला कीं आपल्या सभांतून त्याच्या कमी-अधिकपणाची चर्चा होते, व ती व्हावीच. परंतु खरेदी केंद्र कधीं उघडणार, बारदान किती आलें आहे, गोदामांत किती क्विंटल मावतात, ओलाव्याच्या अटींत किती माल बसेल, आणि ज्याच्या घरीं आठ दिवस माल ठेवण्यास जागा नाहीं त्यानें काय करावें, हे प्रश्न आपण सुगी दारांत येईपर्यंत विचारीत नाहीं. १९४८ सालीं आयोवांतील शेतकऱ्यास १ डॉलर ४४ सेंटांची हमी होती व मका सव्वा डॉलरच्या आंत जात होता. मधली सारी तूट एका कोठाराची होती.

म्हणून संघाच्या प्रत्येक गांवच्या शाखेनें पीक उभें असतांनाच आपल्या हद्दींतील सांठवणीच्या जागेची मोजदाद करावी, ती अंदाजी पिकाशीं ताडून पाहावी, व तूट असेल तर तसा लेखी अर्ज वेळेवर करून पोंच घ्यावी. अल्पभूधारकाच्या मालास पहिली जागा देण्याचा ठरावहि शाखेनें स्वतःच करावा. त्यासाठीं सरकारी हुकुमाची वाट पाहण्याचें कारण नाहीं. आणि पुढें केव्हां एखाद्या योजनेंत मर्यादेचें कलम आलें, तर तिच्याविरुद्ध हात वर करण्यापूर्वीं सभासदानें आपला सातबारा काढून पाहावा कीं, आपण त्या मर्यादेच्या आंत आहों कीं बाहेर.